बडोद्याची बोट, ग्रीसचं पाणी आणि ब्रिटिश झेंडा : एका यॉट रजिस्ट्रेशनचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून धंदा, किंमत आणि बोटीचं वर्णन थोडं बदललंय, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवलाय कारण सगळी गंमत त्या क्रमातच आहे. मी सीए आहे, परदेशी पैशाची आणि फेमाची म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची कामं करतो, बोटींमधलं मला काही कळत नव्हतं. या फाइलमुळे थोडंफार कळायला लागलं.

पार्श्वभूमी

थोरले साठीच्या आसपासचे, मकरपुरा जीआयडीसीत इंजिनिअरिंगचं युनिट, घर दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यातून आता अलकापुरीकडे गेलेलं. धाकटे पंचवीस-तीस वर्षं इंग्लंडात डॉक्टर, ब्रिटिश नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आहे. थोरल्यांची लेक जर्मनीत नोकरी करते, तिथेच राहते, पासपोर्ट भारतीय. ही तीन माणसं, त्यांचे तीन पत्ते आणि दोन नागरिकत्वं नीट लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी अडणार आहेत.

थोरल्यांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं ते धाकट्यांबरोबर ग्रीसला एक आठवडा बोट भाड्याने घेतली तेव्हापासून. आल्यावर त्यांनी रीतसर कोर्स केले, सर्टिफिकेट मिळवलं, आणि मग ठरवलं की स्वतःची बोट घ्यायची, ग्रीसलाच ठेवायची, उन्हाळ्यात तिघांनी आळीपाळीने जायचं. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीला पूर आला आणि अर्धं बडोदं पाण्यात गेलं तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या की बोट घ्यायचीच तर इथे घ्या, निदान दूध आणायला तरी उपयोगी पडेल.

बोट मिळाली ती १२ मीटरच्या जरा वरची, सेकंडहँड, आयोनियन समुद्राच्या बाजूला प्रेवेझाजवळच्या यार्डात उभी. आधीचे मालक एक युरोपियन जोडपं, झेंडा माल्टाचा. किंमत ९६,००० युरो, म्हणजे त्यावेळच्या भावाने साधारण ८६ लाख रुपये.

अडचण नेमकी काय होती

थोरले माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता, "कोणत्या देशाचा झेंडा स्वस्त पडेल?"

सगळे हाच प्रश्न विचारतात आणि माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. समुद्रावरच्या बोटीला कुठल्यातरी एका देशाची ओळख लागते, १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात लिहिलंय की जहाजाने एकाच देशाच्या झेंड्याखाली चालायचं, आणि तो देश आणि जहाज यांच्यात खरा संबंध असावा. पण कुठला देश हे ठरवायच्या आधी चार गोष्टी ठरवायला लागतात: बोट कुणाच्या नावावर, ती माणसं राहतात कुठे, बोट कुठल्या पाण्यात राहणार आणि वापरणार कोण, आणि पैसा कुठून जाणार. ही चार उत्तरं खरी खरी लिहिली की झेंड्याचे पर्याय आपोआप गळत जातात, एखाददुसराच उरतो.

इथे घोळ असा होता की पैसा बडोद्याचा, बोट युरोपियन युनियनमध्ये, एक वापरणारी युनियनमध्ये राहणारी आणि दोघे बाहेरचे. एका बाजूने सोयीचा झेंडा दुसऱ्या बाजूने गळ्यात पडत होता.

बोट निवडतानाच पहिला निर्णय झाला

खरं तर यांच्यासमोर दोन बोटी होत्या. दुसरी अमेरिकन रजिस्ट्रेशनची, तिथेच जवळ उभी, १८-२० हजार युरोनी स्वस्त. थोरल्यांचं मन तिच्यावर होतं. पण ती स्वस्त का, तर तिच्यावर युनियनमध्ये व्हॅट भरलेलाच नव्हता.

युनियनच्या बाहेर राहणाऱ्या माणसाची, बाहेरच रजिस्टर झालेली बोट युनियनच्या पाण्यात १८ महिने व्हॅट आणि कस्टम न भरता राहू शकते, याला टेम्पररी ॲडमिशन म्हणतात. १८ महिने संपायच्या आत बोट बाहेर काढायची, परत आणली की घड्याळ नव्याने सुरू. कॉर्फूच्या समोर अल्बानियाचं सारांडा बंदर आहे, तिकडे चक्कर मारून येणारे भरपूर आहेत. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला ही सवलत अगदी मापाची वाटते आणि ब्रोकरही हेच सांगत होता.

फक्त एक अट ब्रोकरने सांगितली नाही. अशी बोट वापरणारा माणूसही युनियनच्या बाहेर राहणारा लागतो. म्हणजे लेक म्युनिकहून विमानाने आली आणि मैत्रिणींना घेऊन बोट काढली की सवलत मोडली, आणि मग ग्रीसचा व्हॅट २४ टक्के, तोही बोटीच्या किमतीवर. वडील स्वतः तिथे असताना त्यांच्या सांगण्यावरून अधूनमधून चालवणं वेगळं, पण तिची कल्पना तशी नव्हतीच, तिला स्वतः जायचं होतं. बोट घ्यायच्या कारणांपैकी अर्धं कारण तीच, तर तिलाच बंदी असलेली बोट घेऊन करायचं काय.

माल्टा झेंड्याच्या बोटीवर व्हॅट भरल्याची मूळ पावती होती आणि बोट कायम युनियनच्या पाण्यातच राहिलेली होती. अशी बोट एका खासगी माणसाकडून दुसऱ्या खासगी माणसाकडे गेली तर पुन्हा व्हॅट लागत नाही, आणि झेंडा बदलला म्हणून भरलेला व्हॅट पुसला जात नाही, कारण ती ओळख मालाची असते, झेंड्याची नाही. म्हणून महाग बोट घेतली. थोरले अजूनही त्या दुसऱ्या बोटीच्या डेकबद्दल बोलतात.

याच टप्प्यावर आणखी एक संकट थोडक्यात टळलं. विकणाऱ्यांना बोट हिवाळ्यासाठी तुर्कस्तानला न्यायची होती आणि ताबा तिथेच द्यायचा होता. बोट युनियनच्या बाहेर असताना मालक बदलला असता तर नव्या मालकाला जुन्या व्हॅटचा फायदा मिळाला नसता. ताबा ग्रीसमध्येच हवा ही ओळ करारात घालून घेतली.

झेंड्याचे पर्याय

*माल्टाच चालू ठेवायचा.* दिसायला सोपं. पण भारतात राहणाऱ्या भारतीयाला तिथे कंपनी काढून तिच्या नावावर बोट घ्यावी लागेल असं तिथल्या एजंटचं म्हणणं पडलं, आणि कंपनी शब्द आला की मी कान टवकारतो.

*केमन, मार्शल आयलंड वगैरे.* इथेही तेच, तिथली कंपनी काढा, कंपनीच्या नावावर बोट. जगभरच्या श्रीमंतांच्या मोठ्या यॉट याच पद्धतीने चालतात त्यामुळे लोकांना वाटतं हाच राजमार्ग. बडोद्यात राहणाऱ्या माणसासाठी नाही. भारतातल्या रहिवाशाने परदेशात कंपनी काढली की ती ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट होते, २०२२ चे नियम लागतात, फॉर्म एफसी, दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत ॲन्युअल परफॉर्मन्स रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे ती कंपनी खरोखरीचा धंदा करणारी असली पाहिजे. आठवडाभर मौज करायची बोट सांभाळणे हा धंदा कसा, हे बँकेला कोण समजावणार? चार्टरला म्हणजे भाड्याने देतो असं दाखवा, एकाने सुचवलं. मग कमर्शियल बोटीचे नियम, क्रू, सर्वे, ग्रीसचं चार्टर लायसन्स, म्हणजे एक खोटं लपवायला पाच खरी झंझटं. सोडून दिलं.

*डेलावेअर.* हे थोरल्यांना कुणा ओळखीच्याने सांगितलेलं, अमेरिकन एलएलसी काढा, दोन दिवसात नंबर मिळतो. नंबर मिळतो हे खरं, पण तो राज्याचा नंबर असतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डकडचं डॉक्युमेंटेशन, जे खरं राष्ट्रीय रजिस्ट्रेशन, त्याला मालक अमेरिकन नागरिक लागतो. आणि एलएलसी म्हणजे परत परदेशी कंपनी, परत वरचंच रामायण.

*दुबईतला एजंट.* हा पर्याय नव्हता, हा सापळा होता, पण थोरले ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात होते म्हणून लिहितोय. एका छोट्या देशाचं रजिस्ट्रेशन, सगळं ऑनलाइन, पासपोर्टची कॉपी आणि काही शे डॉलर, सर्टिफिकेट पीडीएफमध्ये. त्या देशाचं खरंच असं रजिस्टर आहे का आणि ते चालवायचा अधिकार याला कुणी दिला, हे विचारल्यावर त्याने दुसऱ्या देशाचं नाव पुढे केलं. खोटी रजिस्टरं हा जहाजांच्या जगात मोठा प्रश्न आहे, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या म्हणजे आयएमओच्या कायदा समितीत त्यावर काम चालू आहे, आणि कुठल्या देशाचं खरं रजिस्टर कोण चालवतं याची माहिती त्यांच्याकडे ठेवलेली असते. तिथे बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. खोट्या झेंड्याची बोट म्हणजे कायद्याच्या नजरेत कुठल्याच देशाची नसलेली बोट, तिला इन्शुरन्स नाही.

*भारतीय झेंडा.* सगळ्यात मनाला लागणारा पर्याय, थोरल्यांचीही मनातून तीच इच्छा होती. पण बोट भारतात आणायचीच नव्हती. आणली असती तर कस्टम ड्यूटी वेगळी आणि तेव्हा २८ टक्के जीएसटी अधिक ३ टक्के सेस, सप्टेंबर २०२५ पासून तर थेट ४० टक्के. न आणता रजिस्टर करायची तर आपल्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचे सर्वेयर इथे आणि बोट तिकडे. इन्शुरन्सवाल्याने ग्रीसमध्ये भारतीय झेंड्याच्या खासगी शिडाच्या बोटीचा विमा कधी केलाच नव्हता, तो नाही म्हणाला नाही पण उत्तरही देईना.

इथेच मुंबईच्या शिपिंग वकिलाने एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात आला नव्हता. तेव्हा लागू असलेल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची रचना अशी की जहाज पूर्णपणे भारतीय नागरिकांच्या मालकीचं असलं तर ते भारतीय जहाज धरायचं आणि मग नोंदणीचा प्रश्न भारतातच येतो. म्हणजे थोरल्यांनी एकट्याच्या नावावर बोट घेऊन भलत्याच देशाचा झेंडा लावला तर इकडून प्रश्न येऊ शकतो. मालकीत ब्रिटिश नागरिक असेल तर बोट पूर्णपणे भारतीय मालकीची राहतच नाही. (आता २०२५ चा नवा कायदा आलाय आणि त्यात मालकीच्या अटी सैल केल्यात, त्यामुळे आज कुणी हे करत असेल तर हा मुद्दा नव्याने तपासून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.)

वकिलाच्या या एका वाक्याने धाकटे चित्रात आले. तोवर ते फक्त "दादा, घे रे तू, मी येतो सुट्टीला" एवढंच म्हणत होते.

चौसष्ट भाग

ब्रिटनच्या शिप रजिस्टरला चार भाग आहेत, आपल्या कामाचे दोन. तिसरा भाग छोट्या बोटींचा, २४ मीटरच्या आतल्या, स्वस्त आणि ऑनलाइन होतो, पण मालक ब्रिटनमध्ये राहणारे लागतात आणि ते रजिस्ट्रेशन मालकीचा पुरावा नसतं. पहिला भाग म्हणजे पूर्ण रजिस्ट्रेशन, त्यात मालकीची साखळी तपासतात, कर्ज असेल तर त्याचीही नोंद होते. दोन्ही पाच-पाच वर्षांची.

तिसऱ्या भागात गेलं असतं तर काम झटपट झालं असतं पण बोट फक्त धाकट्यांच्या नावावर. हे ऐकल्यावर थोरले काही बोलले नाहीत, चहा संपवला, आणि मग म्हणाले, "म्हणजे पैसे सगळे माझे आणि कागदावर मी कुठेच नाही." भावावर अविश्वास असा काही नाही त्या घरात, पण वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीत त्यांनी जे बघितलंय त्याच्यानंतर कागदाचं महत्त्व त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

पहिल्या भागात वाट होती. ब्रिटिश पद्धतीत जहाजाची मालकी ६४ भागांत मोजतात, आपल्याकडे १९५७ च्या आधी रुपयाचे ६४ पैसे असायचे तसंच. यातले निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ३३ भाग पात्र माणसाकडे असले की उरलेले ३१ दुसऱ्या कुणाकडेही असू शकतात. धाकटे ब्रिटिश नागरिक म्हणजे पात्र. ३३ त्यांचे, ३१ थोरल्यांचे.

वहिनींनी लगेच विचारलं, "म्हणजे आठ आणे भावजींचे, वर एक पैसा?" आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, "उद्या त्यांनी विकायची म्हटली तर?"

इथे मी एका गोष्टीवर अडून बसलो. ३३ भाग नावापुरते, मनातून सगळी माझीच, असं चालणार नाही. ब्रिटनला पात्रतेचं डिक्लेरेशन सहीनिशी जातं आणि भारतातून जाणारा पैसा गिफ्ट म्हणून दाखवला तर ते गिफ्ट खरंच गिफ्ट असायला पाहिजे, परत मागायची सोय ठेवलेली नको. थोरल्यांना हे पचायला वेळ लागला. शेवटी भावाभावात सहमालकीचा करार केला: कुणी कुठले आठवडे वापरायची, मरीना-इन्शुरन्स-दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, विकायची तर आधी एकमेकांना विचारायचं, एक जण गेला तर त्याच्या वारसांनी काय करायचं. वापर आणि खर्च करारात कसाही वाटता येतो, ६४ भागांच्या प्रमाणातच हवा असं नाही. तिथे वहिनींचं समाधान झालं.

पैसे कसे गेले

एलआरएसमध्ये, म्हणजे बाहेर पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, भारतातल्या रहिवाशाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, ९६,००० युरो त्यात आरामात बसत होते. दोन भाग केले. ३१ भागांचे ४६,५०० युरो थोरल्यांनी स्वतःच्या खरेदीचे म्हणून, आणि ३३ भागांचे ४९,५०० युरो धाकट्यांना गिफ्ट, गिफ्ट डीडसकट. भावाला दिलेलं गिफ्ट नातेवाइकात धरलं जातं त्यामुळे आपल्याकडे त्यावर घेणाऱ्याला टॅक्स नाही, मात्र मर्यादेत दोन्ही रकमा मोजल्या जातात.

झोंबला तो टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ घेते तो टॅक्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये पैसे गेले, त्या वर्षी ७ लाखांच्या वर २० टक्के. म्हणजे सुमारे १६ लाख रुपये बँकेने बाजूला काढून सरकारला भरले. हा खर्च नाही, रिटर्नमध्ये क्रेडिट मिळतं, पण थोरल्यांचं बरंचसं उत्पन्न कंपनीत असल्यामुळे त्यांचा स्वतःचा टॅक्स तेवढा होत नव्हता आणि बरीच रक्कम रिफंड येईपर्यंत अडकून पडली. धंद्याच्या माणसाला १६ लाख काही महिने अडकणं म्हणजे काय ते धंदा करणाऱ्याला विचारा.

प्रत्यक्ष काम

डिपॉझिट दहा टक्के डिसेंबरमध्येच देऊन झालेलं होतं. त्यानंतर माल्टाच्या रजिस्टरचा उतारा मागवला आणि त्यात एक जुनं बँकेचं मॉर्गेज निघालं. विकणाऱ्यांनी कर्ज केव्हाच फेडलेलं, बँकेचं पत्रही होतं, पण रजिस्टरवरून नोंद उतरवायची राहून गेलेली. मॉर्गेज उभं असताना जुनं रजिस्ट्रेशन बंद होत नाही, आणि ते बंद झाल्याचं सर्टिफिकेट नसलं तर नवीन देश घेत नाही, कारण एका बोटीला दोन झेंडे चालत नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा राहून जातो ना, फेडून दहा वर्षं झाली तरी, तेच. बँकेची ती शाखा आता दुसऱ्या बँकेत गेलेली, मग कोण सही करणार यातच वसंत ऋतू गेला.

तोवर बाकीचं चालू ठेवलं. टनेज (बोटीच्या आतल्या जागेचं माप) मोजायला मान्यताप्राप्त सर्वेयर, बिल ऑफ सेल म्हणजे विक्रीखत, बोट बांधणाऱ्याचं सर्टिफिकेट. थोरल्यांच्या सह्यांची कागदपत्रं बडोद्यात नोटरी करून अपोस्टील केली, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेतला, भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्यामुळे वकिलातीच्या चकरा वाचल्या. नाव मंजूर करून घ्यायचं असतं, पहिलं मागितलेलं मिळालं नाही, दुसरं मिळालं. दोघांपैकी एकाला मॅनेजिंग ओनर नेमायचं असतं, सगळी पत्रं त्याच्याकडे जातात, ते धाकटे झाले.

मग ब्रिटिश रजिस्टरच्या कार्डिफच्या ऑफिसातून कार्व्हिंग अँड मार्किंग नोट आली. ऑफिशियल नंबर आणि टनेज बोटीच्या अंगावर कायमचं कोरायचं, मागच्या बाजूला नाव आणि रजिस्ट्रेशनचं बंदर लिहायचं, आणि ते झाल्याची तपासणी करून नोट परत पाठवायची, तेव्हा कुठे सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्री. थोरल्यांनी बंदर म्हणून लंडन निवडलं. बडोद्याच्या माणसाच्या बोटीवर लंडन, असो.

रेडिओचं काम लोक विसरतात. बोटीच्या रेडिओला एमएमएसआय नावाचा नऊ आकडी नंबर असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारताचे ४१९, ब्रिटनचे २३२ ते २३५. झेंडा बदलला की नंबर बदलतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉमकडे ऑनलाइन लायसन्स फुकट मिळतं, ते झालं. पण बोट बुडायला लागली तर उपग्रहाला संदेश पाठवणारा जो ईपर्ब असतो त्याच्या पोटातही जुनाच देश कोरलेला असतो आणि त्याच्या नोंदणीत जुनाच मालक असतो. तो वेगळा प्रोग्रॅम करून घ्यायला लागतो आणि नव्या देशाच्या बीकन रजिस्ट्रीत नोंदवायला लागतो. नाही केला तर तुम्ही आयोनियन समुद्रात पाण्यात आणि बचाव केंद्राचा फोन जाणार जुन्या मालकाच्या घरी, ते आपले सोफ्यावर. सर्वेयरच्या हे लक्षात आलं म्हणून ते वेळेत झालं.

शेवटी काय झालं

सर्टिफिकेट जूनच्या शेवटी हातात आलं. मे-जूनचे थोरल्यांचे आठवडे फुकट गेले, मरीनाचं भाडं मात्र चालू. जुलैत दोघे भाऊ गेले. लाल ब्रिटिश झेंडा बघून तिथल्या कस्टमवाल्याने पहिलाच प्रश्न टेम्पररी ॲडमिशनचा केला, कारण ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून कस्टमच्या दृष्टीने बाहेरचा देश. व्हॅटची मूळ पावती, बोट तोवर युनियनमध्येच होती याचे मरीनाचे कागद, खरेदीचा करार, सगळी फाइल बोटीवरच ठेवलेली होती. अर्धा दिवस गेला, काम झालं. लेक सप्टेंबरमध्ये मैत्रिणींना घेऊन गेली आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

थोरल्यांचा एक गैरसमज मात्र शेवटपर्यंत होता की बोट ब्रिटिश म्हणजे तिच्यावर राहायला व्हिसाचा काही त्रास नाही. झेंडा बोटीचा असतो, पासपोर्ट माणसाचा. शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचे, १८० दिवसांतले ९० दिवस थोरल्यांना लागू आहेतच, धाकट्यांनाही आहेत. लायसन्सचंही तसंच, ब्रिटनमध्ये खासगी छोट्या बोटीला लागत नाही म्हणून ग्रीस सोडत नाही, तिथे सर्टिफिकेट दाखवावंच लागतं. तिथला क्रूझिंग टॅक्सही ७ मीटरच्या वरच्या बोटीला भरावा लागतो, झेंडा कुठलाही असो.

इकडे भारतात २०२५ मध्ये घेतलेली मालमत्ता म्हणून थोरल्यांचे ३१ भाग २०२६ ला भरायच्या रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचे. बोटीतून उत्पन्न शून्य असलं तरी दाखवायचे, कारण न दाखवल्याचा दंड काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाख आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रजिस्टरचा उतारा डिपॉझिटच्या आधी मागवायला हवा होता, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा सुचलेलं. उताऱ्याची फी किरकोळ असते. मॉर्गेज आधी दिसलं असतं तर ते उतरवणं विकणाऱ्यांची जबाबदारी म्हणून करारात तारखेसकट घालता आलं असतं, आणि उशीर झाला तर मरीनाचं भाडं त्यांच्या माथी.

पैशाचं जास्त खटकतं. धाकट्यांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं की दादा, ३३ भागांचे पैसे मी इथून पौंडात भरतो. थोरल्यांनी ऐकलं नाही, धाकट्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांचं आयुष्यभराचं ब्रीद. ते घेतले असते तर भारतातून फक्त ४६,५०० युरो गेले असते, टीसीएस १६ च्या जागी ७ लाखांच्या आसपास आला असता, गिफ्टची कागदपत्रं लागलीच नसती आणि ते ३३ भाग खरंच कुणाचे हा प्रश्न कुणी विचारू शकला नसता. हिशोबाने हाच रस्ता सरळ होता. पण हिशोब मी करतो, निर्णय क्लायंट करतो. त्यांना तेही नको होतं तर निदान अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवता आली असती, टीसीएसची ७ लाखांची मर्यादा दोन वर्षांत दोनदा मिळाली असती, आणि एप्रिल २०२५ पासून तर ती ७ वरून १० लाख झाली. विकणारे तेवढं थांबायला तयार होते, मॉर्गेजमुळे थांबलेच.

आणि मी त्यांना स्पष्ट बोललो होतो ते इथेही लिहितो, वर्षाला चार-पाच आठवडे वापरायची असेल तर बोट भाड्याने घ्यावी. मरीना, इन्शुरन्स, हिवाळ्यात जमिनीवर काढून ठेवणं, शिडं, इंजिन, हा खर्च दरवर्षीचा आहे आणि बोट वापरली न वापरली तरी आहे. थोरले म्हणाले की भाड्याच्या गाडीने कुणी लग्नाला जातं का. बडोद्यात भरपूर जातात, पण मी वाद घातला नाही.

फाइल बंद झालेली नाही. धाकटे निवृत्त होऊन बडोद्याला परत यायचं म्हणतायत. नागरिकत्व ब्रिटिशच राहील त्यामुळे ३३ भागांची पात्रता जाणार नाही, पण पात्र मालकांपैकी कुणीच ब्रिटनमध्ये राहत नसेल तर तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. धाकट्यांचा मुलगा तयार आहे, त्याचं लेखी घ्यायचंय. शिवाय ते इथे येऊन फेमाप्रमाणे रहिवासी झाले की इंग्लंडातल्या त्यांच्या बाकीच्या मालमत्तेबरोबर या ३३ भागांचाही हिशोब नव्याने लावायचा, आणि तो विषय त्यांनी तिकीट काढायच्या आधी माझ्याकडे आणावा असं मी वहिनींना सांगून ठेवलंय, भावांना सांगून उपयोग नाही.